कुपीतील हाड कोणाचे?
दंतरोपणासाठी वापरल्या जाणाऱ्या अस्थिरोपण साहित्याची ओळख

मालेगाव (जि. वाशीम) : दात गेला म्हणजे केवळ एक दात गेला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दातापाठोपाठ त्याला आधार देणारे जबड्याचे हाडही हळूहळू झिजू लागते. वर्षे लोटतात, कवळीचा कंटाळा येतो आणि कायमस्वरूपी दात बसवून घ्यावा, असे रुग्णाला वाटू लागते. त्या वेळी दंतवैद्यांकडून एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते, "हाड कमी आहे, भर घालावी लागेल." ही भर म्हणजे काचेच्या लहानशा कुपीतील पांढरी, रवाळ भुकटी. ती कशाची आहे, हा प्रश्न मात्र फार थोडे रुग्ण विचारतात.

वास्तविक हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण ती भुकटी मानवी दात्याच्या हाडाची असू शकते, गुराढोरांच्या किंवा डुकराच्या हाडाची असू शकते किंवा निव्वळ प्रयोगशाळेत तयार झालेल्या खनिजाचीही असू शकते. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थक्षेत्र असलेले शिरपूर जैन मालेगाव तालुक्यातच आहे. गळ्यात माळ घातलेले वारकरी, कटाक्षाने शाकाहार पाळणारी जैन कुटुंबे आणि डुकराचा पदार्थ निषिद्ध मानणारी मुस्लिम कुटुंबे, असे सारेच या परिसरात दंतवैद्यांच्या खुर्चीत बसतात. त्यांच्या दृष्टीने कुपीतील हाड कोणाचे, हा केवळ तांत्रिक तपशील राहत नाही.

हाड का झिजते?

जबड्यातील ज्या हाडात दाताची मुळे रोवलेली असतात, ते हाड दातासाठीच घडलेले असते. चावताना पडणारा दाब मुळांवाटे हाडाला पोहोचतो आणि त्यामुळे ते टिकून राहते. दात काढला की हा दाब थांबतो. खोबणीच्या आतील पातळ थर तर दाताशीच बांधलेला असल्याने तो प्रथम नाहीसा होतो. गालाकडील भिंत मुळातच पातळ असल्यामुळे झीज त्या बाजूस अधिक होते.

दाढा व उपदाढा काढलेल्या रुग्णांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. दात काढलेल्या जागेची रुंदी बारा महिन्यांत सुमारे निम्म्याने कमी होते आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असे त्यात दिसून आले. दात काढल्यावर 'पाहू पुढच्या वर्षी' असे म्हणणाऱ्याच्या जबड्यात पुढच्या वर्षी पूर्वीइतके हाड शिल्लक नसते. हिरड्यांचा जुना आजार असेल, तर दात काढण्यापूर्वीच बरेच हाड गेलेले असते.

टायटॅनियम आणि हाडाचे नाते

दंतरोपण म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर नंतर दाताची टोपी चढविली जाते. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. प्रयोगासाठी बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले, की ते काढता येईना. या योगायोगातून १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले गेले.

हा स्क्रू टिकतो तो सर्व बाजूंनी त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाच्या बळावर. कुंपणाचा खांब भुसभुशीत मातीत रोवला तर तो पहिल्या वाऱ्यात हलतो, तसेच येथे घडते. हाडाची उंची किंवा रुंदी अपुरी असेल, तर आधी जमीन तयार करावी लागते. या कामालाच अस्थिरोपण किंवा रूढ भाषेत 'बोन ग्राफ्ट' म्हणतात.

अस्थिरोपणाचे प्रसंग साधारणपणे तीन असतात. पहिला, दात काढताक्षणीच रिकाम्या खोबणीत भर घालून पुढील झीज कमी करणे. दुसरा, अरुंद झालेल्या जबड्याच्या कडेला भर घालून ती रुंद करणे. तिसरा प्रसंग वरच्या दाढांचा. या दाढांच्या वर, गालाच्या आत सायनस नावाची हवेची पोकळी असते. दाढा गेल्यावर तिचा तळ खाली उतरतो आणि स्क्रूला पुरेसे हाड उरत नाही. अशा वेळी पोकळीचे नाजूक अस्तर अलगद वर उचलून खाली भर घातली जाते. फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी या शस्त्रक्रियेचे वर्णन १९८० मध्ये प्रसिद्ध केले. आज ती 'सायनस लिफ्ट' या नावाने ओळखली जाते.

वेल, खत आणि मांडव

भर म्हणून घातलेला पदार्थ स्वतःच कायमचे हाड होतो, असा अनेकांचा समज असतो. तो पूर्णतः बरोबर नाही. नवे हाड रुग्णाचे शरीरच तयार करते, भर त्याला साहाय्य करते. हे साहाय्य तीन प्रकारचे असते. हाड घडविणाऱ्या जिवंत पेशी पुरविणे, हे जणू वेल लावणे. आसपासच्या पेशींना हाड घडविण्याची चालना देणारी प्रथिने पुरविणे, हे खत घालणे. नव्या हाडाला चढत जाण्यासाठी नुसता आधार उभा करणे, हा मांडव. कोणते साहित्य यांपैकी काय देऊ शकते, यावर त्याची योग्यता ठरते.

१. स्वतःचे हाड

रुग्णाचे स्वतःचे हाड तिन्ही गोष्टी देते, म्हणून आजही तेच या क्षेत्रातील मानदंड मानले जाते. हनुवटी, खालच्या जबड्याचा अक्कलदाढेमागील भाग अथवा वरच्या जबड्याचा मागील फुगवटा येथून ते काढता येते. भर मोठी असल्यास कमरेच्या हाडाचा आधार घेतला जातो. यात ना रोगसंक्रमणाची भीती, ना श्रद्धेचा प्रश्न.

मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, वेदना वाढतात आणि तोंडातून मिळणारे हाड मोजकेच असते. हनुवटीतून हाड घेतल्यास खालचे पुढील दात वा ओठ काही काळ बधिर राहू शकतात. कमरेचे हाड बसविल्यानंतर काही प्रमाणात विरघळतेही. त्यामुळे स्वतःचे थोडे हाड आणि दुसरी भुकटी यांचे मिश्रण अनेकदा वापरले जाते.

२. मानवी दात्याचे हाड

दुसरा प्रकार दान केलेल्या मानवी हाडाचा. मृत्यूनंतर केलेले ऊतीदान आणि खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत काढलेले मांडीच्या हाडाचे डोके, हे त्याचे प्रमुख स्रोत होत. दात्याची एचआयव्ही, कावीळ 'ब' व 'क' आणि उपदंश यांसाठी चाचणी होते. हाडातील मज्जा, रक्त व चरबी धुऊन काढली जाते आणि ते गोठवून कोरडे केले जाते. त्यामुळे शीतपेटीची गरज न पडता ते दीर्घकाळ टिकते.

या भुकटीचे दोन उपप्रकार आहेत. एकात हाडातील कॅल्शियम तसेच ठेवलेले असते. ती भक्कम मांडव होते. दुसऱ्यात आम्लाने कॅल्शियम काढून टाकलेले असते. त्यामुळे आतील चालना देणारी प्रथिने उघडी पडतात. अमेरिकी शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये हा गुणधर्म दाखवून दिला. या प्रथिनांचे प्रमाण मात्र दात्यागणिक आणि प्रक्रियेगणिक बदलते. त्यामुळे दोन कुप्यांचा परिणाम तंतोतंत सारखा असेलच, असे सांगता येत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब अशी, की या क्षेत्रातील देशातील अग्रगण्य केंद्र मुंबईत आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने सुरू झाली. डॉ. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी तिची दीर्घकाळ धुरा वाहिली. येथे हाड आणि गर्भवेष्टनाचा पातळ पडदा यांवर प्रक्रिया करून ते गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जातात. त्यासाठी २५ किलोग्रे ही मात्रा प्रचलित आहे. अस्थिव्यंग व भाजलेल्या रुग्णांप्रमाणेच हिरड्यांच्या व जबड्याच्या उपचारांतही हे साहित्य वापरले गेले आहे. विदेशी कुपीला पर्याय देशातच आणि तोही सार्वजनिक रुग्णालयात निर्माण झाला, हे या पेढीचे महत्त्व.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही त्यात समावेश झाला आणि ही दुरुस्ती केंद्रीय स्तरावर जानेवारी २०१४ पासून अमलात आली. दान केलेले हाड ही विक्रीची वस्तू नव्हे, हे या कायद्यामागील मूलभूत तत्त्व आहे. पेढी आकारते तो प्रक्रियेचा खर्च.

३. प्राण्यांचे हाड

जगभर दंतरोपणात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे साहित्य गोवंशीय जनावरांच्या हाडापासून बनते. उष्णता व रसायने वापरून त्यातील प्रथिने काढून टाकली जातात आणि केवळ खनिजाचा जाळीदार सांगाडा शिल्लक ठेवला जातो. त्याची रचना मानवी हाडाच्या खनिजाशी मिळतीजुळती असते. ते अतिशय सावकाश विरघळते; कित्येक वर्षांनंतरही त्याचे कण नव्या हाडात आढळतात. त्यामुळे भर दिलेला आकार टिकून राहतो. सायनसच्या शस्त्रक्रियेत हाच गुण उपयोगी पडतो. डुकराच्या हाडापासून केलेली भुकटीही मिळते. ही सारी सामग्री प्रामुख्याने मांडवाचे काम करते.

प्राण्याच्या हाडाचा इतिहास जुना आहे आणि श्रद्धेचा प्रश्नही तितकाच जुना. डच शल्यवैद्य योब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिखाणात एका रशियन सरदाराची हकिगत आढळते. त्याच्या फुटलेल्या कवटीत कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसविण्यात आला होता. जखम भरली, पण धर्मसंस्थेने त्याला बहिष्कृत केले. तो तुकडा काढून घेण्याची विनंती त्याने केली, तेव्हा हाड इतके जुळून आले होते की ते काढणे शक्य नव्हते. हाड एकदा जुळले की माघार नाही. प्रश्न विचारायचा तो आधीच.

४. कृत्रिम खनिजे

चौथा प्रकार कोणत्याही सजीवाशी संबंध नसलेल्या पदार्थांचा. हायड्रॉक्सीअपटाइट हे हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेले, सावकाश विरघळणारे खनिज. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तुलनेने लवकर विरघळून नव्या हाडाला जागा करून देते. दोहोंचे मिश्रणही केले जाते. अमेरिकेतील लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये विकसित केलेली जैवसक्रिय काच हाडाशी रासायनिक बंध निर्माण करते. हाडातील पोकळी भरण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरल्याची नोंद तर १८९२ मधील आहे.

या क्षेत्रात भारतीय संशोधनही आहे. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सीअपटाइट आणि जैवसक्रिय काच यांच्या संयोगातून साहित्य विकसित केले आहे. कृत्रिम खनिजे ही केवळ मांडव होत, त्यांत वेलही नाही आणि खतही नाही. म्हणून लहान, तीन बाजूंनी भिंती शाबूत असलेल्या खोबणीत त्यांचा उपयोग अधिक भरवशाचा असतो. मोठी भर घालायची असल्यास तज्ज्ञ त्यांत रुग्णाचे स्वतःचे हाड मिसळणे पसंत करतात.

पडदाही विचारात घ्या

भुकटी घातल्यावर तिच्यावर बहुधा एक पातळ पडदा अंथरला जातो. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा वेगाने वाढतात. त्यांनी आत घुसून जागा बळकावू नये, यासाठी हा बांध. असे पडदे कोलॅजनचे, मानवी गर्भवेष्टनाचे किंवा कृत्रिम पदार्थाचे असतात. कोलॅजन हे गाय, डुक्कर वा मासा यांपासून मिळविलेले असू शकते. त्यामुळे भुकटी कृत्रिम निवडली तरी पडदा प्राणिजन्य असण्याची शक्यता राहते. चौकशी दोहोंची करणे आवश्यक आहे.

रुग्णाचेच थोडे रक्त यंत्रात फिरवून मिळणारा 'पीआरएफ' नावाचा चिकट थरही अनेक ठिकाणी वापरतात. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास पुढे आलेली ही पद्धत जखम भरण्यास मदत करते. मात्र ती हाडाचा पर्याय नव्हे.

माहिती घेणे हा हक्क

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात दिलेला निकाल याबाबत मार्गदर्शक आहे. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती, असे न्यायालयाने स्पष्ट केले. छापील कागदावरील सही म्हणजे संमती नव्हे.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह असते. तशी खूण हाडाच्या कुपीवर असेलच, हे गृहीत धरता येत नाही. वेष्टनावर स्रोत बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत छापलेला असतो. म्हणून दंतवैद्यांनी तो आपणहून सांगावा आणि रुग्णानेही संकोच न बाळगता विचारावा. स्रोत समजल्यावर तो स्वीकारायचा की नाही, हा निर्णय सर्वस्वी रुग्णाचा. एखाद्या शाकाहारी व्यक्तीस उपचार म्हणून प्राणिजन्य पदार्थ चालेल, दुसऱ्यास चालणार नाही. एखाद्याला मृत दात्याचे हाड नको वाटेल, तर दुसऱ्याला ते दानाचे पुण्य वाटेल. निर्णय कोणताही असो, तो माहितीअंती झाला पाहिजे.

कोणी थांबावे?

विदर्भात खर्ऱ्याचे व्यसन खोलवर रुजलेले आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी तंबाखू-सुपारीचा बटवा अनेकांच्या खिशात असतोच. धूम्रपानामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो, जखम उघडी पडते आणि भर वाया जाण्याचा धोका वाढतो. खर्ऱ्यातील सुपारीमुळे तोंड उघडणेच कमी झाले असेल, तर दंतरोपणापूर्वी त्याची तपासणी व उपचार अगत्याचे ठरतात. व्यसन न सोडता हाडाची भर घालून घेणे म्हणजे फुटक्या बांधात पाणी साठविणे होय.

मधुमेह नियंत्रणात नसल्यास आधी साखर आटोक्यात आणावी लागते. हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावर किंवा कर्करोगावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेतलेली असल्यास ते दंतवैद्यांना सांगणे अत्यावश्यक आहे. अशा रुग्णांत जबड्याचे हाड निर्जीव होण्याचा धोका असतो. जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनीही तो इतिहास लपवू नये. मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

मालेगावकरांनी काय विचारावे?

पहिला प्रश्न, भर खरोखरच आवश्यक आहे काय? प्रत्येक दंतरोपणास अस्थिरोपण लागत नाही. सीबीसीटी या त्रिमितीय तपासणीत हाडाची उंची व रुंदी मिलिमीटरमध्ये मोजता येते. ते मोजमाप दाखविण्याची विनंती करावी. आखूड स्क्रू, शेजारच्या दातांच्या आधाराने बसविलेला ब्रिज किंवा चांगली बसणारी कवळी, हे पर्यायही चर्चेत यावेत.

दुसरा प्रश्न, भुकटी आणि पडदा कशापासून बनलेले आहेत? तिसरा, एकूण किती खेपा व किती महिने? भर घातल्यावर हाड तयार होण्यास साधारणतः चार ते सहा महिने आणि सायनसच्या शस्त्रक्रियेत सहा ते नऊ महिने लागू शकतात. त्यानंतर स्क्रू, मग टोपी. काही वेळा भर आणि स्क्रू एकाच बैठकीत शक्य होतात. चौथा, भर अपयशी ठरल्यास पुढे काय आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा?

समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातून जातो. त्यामुळे नागपूर व छत्रपती संभाजीनगर या दोन्ही दिशांना जाणे सोपे झाले असून, दोन्ही शहरांत शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत. गुंतागुंतीच्या प्रकरणी तेथे दुसरे मत घेता येते. तथापि प्रत्येक खेप म्हणजे शेतीच्या कामाचा किंवा मजुरीचा एक दिवस. पेरणी-सोंगणीचे दिवस टाळून उपचारांचे वेळापत्रक आधीच आखलेले बरे.

उपचारानंतर कुपीवरील गटक्रमांकाची चिठ्ठी, अंतिम मुदत व उत्पादकाचे नाव यांची नोंद स्वतःच्या फायलीत लावून घ्यावी. पहिल्या काही दिवसांत थोडी सूज स्वाभाविक असते. परंतु ताप, पू, वाढत जाणारी सूज, जखमेतून कण बाहेर येणे किंवा खालचा ओठ बधिर राहणे, ही लक्षणे दिसताच विनाविलंब दंतवैद्यांना दाखवावे. सायनसची शस्त्रक्रिया झाल्यास काही आठवडे जोराने नाक शिंकरणे टाळावे लागते.

या साऱ्याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय एकच, असलेला दात राखणे. दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ती काढण्यापूर्वीच पुढचा दात कसा बसवायचा, याविषयी दंतवैद्यांशी बोलून घ्यावे. त्या पाच मिनिटांच्या बोलण्याने कदाचित भुकटीची गरजच उरणार नाही. आणि उरलीच, तर ती कोणाची, हे तरी रुग्णाला ठाऊक असेल.